पण द्यायचं कुणाला?

एप्रिल २०२४. लोकसभेची निवडणूक तोंडावर आहे आणि गेला महिनाभर माझं दार सारखं वाजतंय. शाळेत असेपर्यंत निवडणुकीची कामं केली, घरोघरी यादी घेऊन हिंडले, केंद्रावर बसले. त्यामुळे पुण्याच्या कसब्यातल्या आमच्या इमारतीत आणि आजूबाजूच्या वाड्यांत यादीचा काही घोळ झाला की लोक अजून माझ्याकडेच येतात. मुलगी लग्न होऊन हडपसरला गेली, तिचं नाव तिकडे कसं न्यायचं? कार्डावर जुना पत्ता आहे, चालेल का? सासूबाई सत्त्याऐंशीच्या आहेत, त्यांना घरून मत देता येतं म्हणे, ते कसं? मला ठाऊक आहे तेवढं सांगते, अर्ज भरून देते. काम होतं. मग दारात चपला घालता घालता हमखास एक वाक्य येतं : "ते सगळं झालं बाई, पण द्यायचं कुणाला?"

पुण्याचं मतदान १३ मेला आहे. निवृत्तीनंतरची माझी ही पहिली लोकसभा. इतकी वर्षं मतदानाच्या दिवशी मी टेबलामागे असायचे, या वेळी रांगेत असेन, नुसती मतदार म्हणून. त्यामुळे असेल, हे वाक्य या वेळी जास्त लागतं. तसं ते नवीन नाही. सगळे सारखेच, कुणीही आलं तरी आपल्या नळाला पाणी यायचं तेव्हाच येणार, हे मी लहानपणापासून ऐकते आहे. पण असं बोलणारा माणूस बोलून झालं की जायचा आणि आपल्या नेहमीच्या चिन्हासमोरचं बटण दाबून यायचा. आता तो चिन्हाचं नावच काढत नाही. खोदून विचारलं तर म्हणतो, "मागच्या वेळी दिलेलं मत कुठे आहे ते सांगा आधी."

याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असायला हवं, ते हा प्रश्न ऐकायला थांबत नाहीत.

ऑक्टोबर २०१९ मध्ये विधानसभेचा निकाल लागला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युती म्हणून मतं मागणाऱ्या भाजप-शिवसेनेला लोकांनी स्वच्छ बहुमत दिलं होतं. त्यांचं आपसांत जमलं नाही. २३ नोव्हेंबरच्या सकाळी लोक चहा घेत होते, तेव्हा टीव्हीवर राजभवनातला फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी दिसला. ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. २८ तारखेला शिवाजी पार्कवर दुसरा, उद्धव ठाकरेंचा शपथविधी झाला आणि ज्यांच्याविरुद्ध महिनाभर घसा फोडला, ते शेजारी बसले. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बरेच आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला, तिथून गोव्याला, आणि ३० जूनला आणखी एक मुख्यमंत्री आला, एकनाथ शिंदे. पुढच्या वर्षी २ जुलैला राष्ट्रवादीतला मोठा गट त्याच सरकारात जाऊन बसला. पाचच दिवसांपूर्वी पंतप्रधानांनी भोपाळच्या भाषणात याच पक्षावर सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा ठपका ठेवला होता. एकाच विधानसभेच्या मुदतीत अजित पवार तीन वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांचे उपमुख्यमंत्री झाले.

प्रत्येक पक्षाकडे आपापली कारणं आहेत. शब्द कुणी मोडला, पाठीत वार कुणी केला, याच्या याद्या तयार आहेत आणि त्यातल्या काही तक्रारी खऱ्याही असतील. मला त्यांच्यात निवाडा करायचा नाही. पण मतदाराच्या जागी उभं राहून पाहा. युतीला मत दिलेला, आघाडीला मत दिलेला, रागाने दिलेला, प्रेमाने दिलेला, कुणीही घ्या. चार वर्षांत त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचं मत त्याने ठेवलंच नव्हतं अशा ठिकाणी जाऊन पोचलं. आणि या सगळ्यात एकदाही त्याच्या बोटाला शाई लागली नाही.

सगळ्यात जास्त मला बोचलं ते निवडणूक आयोगाचं गणित. १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. निर्णयाचा मोठा आधार असा होता : शिंदे यांच्याबरोबर असलेल्या ४० आमदारांना २०१९ ला जेवढी मतं पडली, ती पक्षाच्या फुटीच्या वेळच्या ५५ आमदारांच्या एकूण मतांच्या सुमारे ७६ टक्के आहेत, म्हणून पक्ष त्यांचा. नियमात ते बसतही असेल. पण ती मतं देणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी शाळेत, उन्हात रांग लावून त्याने एका पक्षाला मत दिलं. तीन वर्षांनी तेच मत पक्ष कुणाच्या मालकीचा हे ठरवायला मोजलं गेलं. त्याला पत्ताही नाही. कदाचित त्याला दुसऱ्या गटाबरोबर राहायचं असेल. आमदार तिकडे गेला, म्हणून त्याचं मतही तिकडेच धरलं गेलं.

मी नागरिकशास्त्र शिकवायचे. पक्षांतरबंदी कायदा, १९८५, बावन्नावी घटनादुरुस्ती, दहावी अनुसूची. एका गुणाचा प्रश्न हमखास यायचा आणि मुलं लिहायची, पक्षांतर केल्यास सदस्यत्व रद्द होते. २००३ साली कायदा आणखी कडक झाला. एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, ती पळवाट बंद केली. परवा एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हणाली, "बाई, आपण ते उत्तर लिहायचो ना, मग कुणाचं सदस्यत्व गेलं?" मी तिला घटनाक्रम सांगितला. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचं चुकलं असं म्हटलं, पण उद्धव ठाकरेंनी आधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत आणता येत नाही असंही म्हटलं आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी शिवसेनेचा निकाल दिला, १५ फेब्रुवारीला राष्ट्रवादीचा. दोन्ही पक्षांत, दोन्ही गटांत, कुणीच अपात्र ठरलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कुणी पक्ष सोडलाच नाही?" पोरीने वर्गातही असे प्रश्न विचारले होते.

फोडाफोडी महाराष्ट्राला नवी नाही, हे खरं. १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार पडलं आणि त्याच सरकारातले शरद पवार मुख्यमंत्री झाले, ते आमच्या घरात कित्येक दिवस तावातावाने बोललं जायचं. जुना काळ सोवळा होता असं मी म्हणणार नाही. पण तेव्हा चिडलेल्या माणसाला आपण कुणावर चिडलो आहोत हे तरी कळायचं.

जुन्नरला माझं माहेर. तो भाग शिरूर मतदारसंघात येतो. तिथे अमोल कोल्हे आणि शिवाजीराव आढळराव पाटील समोरासमोर आहेत, मागच्या वेळीही होते. तेव्हा आढळराव शिवसेनेचे होते, तीन वेळा त्याच पक्षाचे खासदार झालेले. कोल्हे शिवसेना सोडून राष्ट्रवादीत आले आणि जिंकले. आता आढळराव अजित पवारांच्या राष्ट्रवादीचं घड्याळ घेऊन उभे आहेत, म्हणजे ज्या चिन्हाने त्यांना हरवलं तेच चिन्ह. कोल्ह्यांच्या हातात शरद पवारांच्या पक्षाची तुतारी आहे. माझा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, पोस्टरकडे बघितलं की आधी चिन्ह वाचतो, मग माणूस, मग पुन्हा चिन्ह. तरी घोटाळा होतो."

त्याचं खरं दुखणं दुसरंच आहे. गावरान कांदा काढून झाला, बराखी भरली. गेल्या वर्षी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. मार्चअखेर उठेल म्हणून सगळे थांबले होते, तर ती पुढे वाढवली. आळेफाट्याच्या बाजारात गाडी नेली की दर ऐकून परत आणावी असं वाटतं, पण परत आणायचं डिझेल कोण देणार. माझा भाऊ सभांना जातो. दोन्हीकडच्या जातो. कांद्याचं नाव निघतं, टाळ्या पडतात, आणि भाषण पुन्हा गद्दार कोण, निष्ठावंत कोण, खरा वारस कोण यावर येतं. "त्यांच्या घरातलं भांडण आम्ही किती दिवस ऐकायचं," असं तो म्हणाला, तेव्हा त्याचा आवाज चढला नव्हता. मला त्याच्या चढलेल्या आवाजाची सवय आहे. हा थकलेला होता.

आमच्या पुण्याचं तर वेगळंच झालं. आमचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले. त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला आमच्या कसब्यात पोटनिवडणूक झाली होती, आमदार मुक्ता टिळक गेल्यानंतर दोन महिने आणि चार दिवसांत. चिंचवडचीही त्याच दिवशी झाली. म्हणजे मनात आणलं तर यंत्रणा दोन महिन्यांत मतदान घेते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. खासदारकीची जागा मात्र रिकामीच राहिली. लोकसभेची मुदत संपायला वर्षाहून जास्त काळ बाकी होता आणि कायदा सांगतो की अशी जागा सहा महिन्यांत भरा. आयोग इतर निवडणुकांत व्यग्र असल्याचं कारण पुढे आलं. मुंबई उच्च न्यायालयाने १३ डिसेंबरला ते मानलं नाही, तातडीने निवडणूक घ्या असं सांगितलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुणेकर वर्षाहून जास्त काळ लोकसभेत खासदाराविना राहिले. महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, तेव्हापासून नगरसेवक नाहीत, प्रशासक आहेत. ड्रेनेज तुंबलं तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे आमच्या गल्लीला दोन वर्षं माहीत नाही.

या दोन्ही गोष्टींवर एकाही पक्षाने पुणं दणाणून सोडलं नाही. निवेदनं झाली, पत्रकार परिषदा झाल्या. पण आमच्या शहराला प्रतिनिधीच नाही म्हणून रस्त्यावर उतरावं असं कुणाला वाटलं नाही. निराशेचं मूळ मला इथे दिसतं. मतदार पक्षांवर चिडतो तो त्यांनी एकमेकांना फसवलं म्हणून फारसा नाही. आपली जागा रिकामी राहिली तरी त्यांचं काहीच अडलं नाही, हे त्याला दिसलं, म्हणून चिडतो.

यंत्रावर नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही' हे बटण येण्याआधीची एक गोष्ट सांगते. केंद्र आमच्याच शाळेच्या वर्गात होतं, फळ्यावरची सुविचाराची ओळ तशीच. दुपारची वेळ, रांग ओसरलेली. एक वयस्क गृहस्थ आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात छत्री. पहिल्या टेबलावर नाव पुकारलं, प्रतिनिधींनी आपापल्या यादीवर खूण केली. दुसऱ्या टेबलावर मी होते. त्यांनी शाई लावून घेतली, नोंदवहीत सही केली, चिठ्ठी घेतली. तिसऱ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "मला यातल्या कुणालाच मत द्यायचं नाही. पण मी आलो होतो, हे लिहून ठेवा."

केंद्राध्यक्षांनी हस्तपुस्तिका काढली. नियम होता, ४९-ओ. शेऱ्याच्या रकान्यात नोंद करायची आणि त्यापुढे मतदाराची सही घ्यायची. म्हणजे मत देणाऱ्याचं गुपित राखलं जायचं आणि न देणाऱ्याला ते चारचौघांत सांगावं लागायचं. बाकावरचे प्रतिनिधी मान वळवून बघायला लागले. त्यांतला एकजण त्यांच्याच आळीतला असावा, कारण गृहस्थांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. मी शेरा लिहिला. त्यांनी सावकाश, पूर्ण नावाची सही केली. मग केंद्राध्यक्षांना विचारलं, "हे वर जातं का?" ते म्हणाले, जातं, नोंदवही मोहोरबंद करून जमा करतो. "आणि वर कुणी वाचतं का?"

कुणीच काही बोललं नाही. त्यांनी छत्री उचलली आणि ते गेले.

सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकारही गुप्त ठेवायला हवा असं सांगितलं आणि यंत्रावर सगळ्यात खाली नोटाचं बटण आलं. मला त्या गृहस्थांची आठवण झाली. आता त्यांचा नकार मोजला जाणार होता, निकालाच्या तक्त्यात छापून येणार होता. मोजला गेलाही. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७ हजारांहून जास्त मतं पडली आणि ती दुसऱ्या क्रमांकावर राहिली. पलूस-कडेगावलाही दुसऱ्या क्रमांकावर नोटाच. पण नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली, तरी तिच्या खालचा उमेदवार खासदार होतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये एक चांगला निर्णय घेतला : स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटा पहिली आली तर तिथे फेरनिवडणूक घ्यायची. नकाराला वजन मिळालं ते इतकंच, आणि पुण्या-मुंबईत त्या निवडणुकाच २०२२ पासून अडकून पडल्या आहेत.

म्हणून शेजारी "बाई, नोटा दाबू का?" असं विचारतात तेव्हा मी नाही म्हणत नाही. तो त्यांचा हक्क आहे. घरी बसणार असं म्हणतात तेव्हा मात्र मी दारातून हलत नाही. २०१९ ला पुण्यात निम्म्यांनीही मतदान केलं नव्हतं. परवाच्या पहिल्या टप्प्यात नागपूर ५४ टक्क्यांवर थांबलं आणि गडचिरोली-चिमूर ७२ टक्क्यांच्या जवळ गेलं. जिथे मतदान पथकाला पोचवणं हीच मोहीम असते, जिथे लोक जंगलातून चालत केंद्रावर येतात, तिथले ७२. त्यांना पक्षांनी भरभरून दिलं आहे असं कुणी म्हणणार नाही. चिडलेला माणूस घरी बसला की पक्षाचं काहीच बिघडत नाही. त्यांच्याकडे हक्काच्या मतांची मोजदाद असते, बूथवार, गल्लीवार. चिडलेला आला नाही की ती मोजदाद उलट जास्त पक्की बसते. त्यांना भीती आहे ती चिडून आलेल्याची.

या सगळ्यात मला ज्याची खरी कणव येते तो कार्यकर्ता. आमच्या गल्लीत असा एक आहे. कोविडात सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन-तीन जिने चढला, रात्री-अपरात्री रक्तगट शोधत ससूनला गेला. आम्ही म्हणतो लोक पक्षाला मत देतात. या गल्लीतल्या बऱ्याच घरांनी त्याला मत दिलं आहे, चिन्ह त्याचं म्हणून. पक्ष फुटला तेव्हा दोन्हीकडून त्याला शंभराच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र मागितलं गेलं, तू कुणाचा ते लिहून दे. एका बाजूला त्याला शाखेत आणणारा माणूस, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या एका शब्दावर तो शाखेत आला ते घर. त्याने एकीकडे सही केली. लाखांनी प्रतिज्ञापत्रं आयोगाकडे गेली, आणि निर्णय आला तो आमदारांच्या संख्येवर. त्याची सही कशाला हवी होती, हे त्याला कुणी सांगितलं नाही. आता तो गणपती मंडळाचं काम करतो, राजकारणाचा विषय निघाला की उठून जातो. पक्षांनी मतदार गमावला तर तो पुढच्या निवडणुकीला परत मिळवता येतो. असा माणूस गमावला की गल्लीत पक्षच उरत नाही, नुसते फ्लेक्स उरतात.

पक्ष बदलायचा हक्क मी कुणाचा काढून घेत नाही. मतं बदलतात, माणसं दुखावतात, नेतृत्व पटेनासं होतं. पण बदलायचं तर कसं, हे याच महाराष्ट्रात झालेलं आहे. मे २०१९ मध्ये उदयनराजे भोसले साताऱ्यातून राष्ट्रवादीचे खासदार झाले. काही महिन्यांत त्यांना भाजपमध्ये जायचं होतं. त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि पुन्हा मतदारांपुढे गेले. ऑक्टोबरात सातारकरांनी श्रीनिवास पाटलांना निवडून दिलं. छत्रपतींच्या गादीचा मान राखूनही, मतदार नाही म्हणाला. यंदा ते त्याच साताऱ्यातून भाजपचे उमेदवार आहेत, सातारकरांना पुन्हा विचारलं जाणार आहे. निकाल काय लागेल तो लागो. तिथल्या मतदाराला आपलं मत कुठे आहे हे माहीत होतं, आणि ते हलवायच्या आधी त्याला विचारलं गेलं. मला एवढंच हवं आहे. त्यासाठी कायदा बदलावा लागेल, तो बदलायला आमदार-खासदारच लागतील, हे मलाही कळतं. म्हणून तर मतदानाच्या आधी विचारायचं.

चिठ्ठ्या वाटायला मुलं येतात. सगळ्या पक्षांची आली, उन्हाने लाल झालेली. पाणी देते आणि एकच प्रश्न विचारते : तुमचा उमेदवार निवडून आला आणि उद्या त्याला पक्ष सोडावासा वाटला, तर राजीनामा देऊन आधी आमच्याकडे येईल, असं तो जाहीर सांगेल का? एकाने, आमचे साहेब तसे नाहीत, असं सांगितलं. एकाने मोबाइलमध्ये टिपून घेतलं, वरती विचारतो म्हणाला. तिसऱ्याने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "बाई, आम्हाला तरी कुठे कोण विचारतं?"

मी त्याला बसवून घेतलं. म्हटलं, मग तूच पहिल्यांदा विचार. तुझंही नाव आहे याच यादीत. त्याच्या हातातल्या गठ्ठ्यात त्याची स्वतःची चिठ्ठीच नव्हती. मी त्याचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक शोधून लिहून दिला.